आतड्याचं दुखणं, घरची चूल आणि पच्चक्खाणातला आगार



चातुर्मास लागला की स्थानकात, लग्नघरी, अगदी भाजीच्या दुकानावरही एक प्रश्न हमखास येतो. "यंदा पर्युषणात काय तपस्या? तेला की अठाई?" विचारणारीचा भाव चांगलाच असतो. माझं उत्तर मात्र गेली अकरा वर्षं एकच आहे. माझ्याकडून उपवास होत नाही. माझ्या मोठ्या आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आजार आहे.

एवढं सांगितलं की बहुतेक जणी गप्प होतात. पण यंदा दोघी-तिघींनी नंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, शौचातून रक्त जातं. घरी कसं सांगू?" एक तर बाळंतीण होऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. विषय शौचाचा आहे, म्हणून कुणी नाक मुरडू नका. आपल्या पूर्वजांनी शरीराच्या अशुचितेवर बारा भावनांमधली एक अख्खी भावना ठेवली, मग आपण आजाराबद्दल बोलायला का लाजायचं?

आजार म्हणजे नेमकं काय

आपल्या मोठ्या आतड्याला आतून मऊ अस्तर असतं. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच त्या अस्तरावर उठते. तिथे सूज येते, बारीक व्रण पडतात, त्यातून रक्त आणि आव जातो. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज वर वर सरकत जाते. याचाच एक भाऊ आहे, क्रोन्स डिसीज. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही बराच आढळतो आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून डॉक्टर दुर्बिणीने तुकडा काढून तपासतात. अंदाजाने औषध सुरू करणं यात धोक्याचं असतं.

हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने कुणाला लागत नाही. तिखट खाल्ल्याने होतो असंही नाही. तसं असतं तर आमच्या वऱ्हाडात घरटी एक रोगी निघाला असता! तो मुळापासून जात नाही, पण औषधाने शांत बसतो. डॉक्टर त्या शांत काळाला रेमिशन म्हणतात आणि पुन्हा उसळला की फ्लेअर. माझी सगळी गृहस्थी या दोन शब्दांच्या मध्ये चालली आहे.

मूळव्याधीचे पाच महिने

2014 च्या उन्हाळ्यात मला त्रास सुरू झाला. मोठी सात वर्षांची होती, धाकटा तीनचा. आधी दिवसातून चार वेळा, मग आठ, मग बारा-पंधरा वेळा जावं लागे. रात्री झोपेतून उठून जावं लागे. पोटात मुरडा, रक्त, आणि जाऊन आल्यावरही झालं असं वाटत नसे. एका ठिकाणी दाखवलं तर न तपासताच सांगितलं गेलं की मूळव्याध आहे, बाळंतपणानंतर बायकांना होतेच. मलम आणि पावडरी चालू झाल्या. पाच महिने त्यात गेले. वजन 41 किलोवर आलं, हिमोग्लोबिन 7.2. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "वहिनी, इतक्या कशानं वाळल्या व तुमी? डोये पाहा कसे आत गेले!" त्यांच्या त्या ओरडण्यामुळेच ह्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही पोटाच्या तज्ज्ञांकडे गेलो. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि आठवड्याने त्या दुखण्याला नाव मिळालं.

मैत्रिणींनो, मूळव्याधीतही रक्त जातं, हे खरं. पण रक्तासोबत आव जात असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल किंवा चार-सहा आठवडे झाले तरी थांबत नसेल, तर "मूळव्याध असेल" या शब्दावर थांबू नका. तपासणी करून घ्या. दुर्बिणीच्या तपासणीची भीती वाटते, मलाही वाटली होती. प्रत्यक्षात झोपेचं इंजेक्शन देतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. त्रास होतो तो आदल्या दिवशी पोट साफ करायच्या औषधाचा. त्याबद्दल पुढे सांगते.

डायटचा कागद आणि आपली चूल

दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला. त्यावर होतं: उकडलेला बटाटा, शिजवलेलं गाजर, अंड्याचा पांढरा भाग, साबुदाण्याची पेज. मी आणि सासूबाई दोघी तो कागद घेऊन ओट्यापाशी बसलो. आमच्या घरात यातलं काहीच चालत नाही. साबुदाणासुद्धा कंदापासूनच होतो.

पण शांतपणे पाहिलं तर कागदाला हवं होतं ते एवढंच: मऊ, चोथा कमी, पचायला हलकं आणि ताकद देणारं. मग एकेक जागा भरत गेलो. बटाट्याच्या जागी कच्चं केळं उकडून. गाजराच्या जागी लाल भोपळा किंवा साल-बिया काढलेला दुधी. साबुदाण्याच्या जागी तांदळाची पेज, जिरं आणि मीठ घालून. अंड्याच्या जागी धुतलेल्या मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, घरचं पनीर आणि दही. द्विदल सांभाळायचं म्हणून दही वरणासोबत नाही, दुपारी नुसत्या भाताबरोबर. हा बदललेला कागद डॉक्टरांना दाखवला, तर त्यांनी एका ओळीतही खोट काढली नाही. फक्त बी-12 रक्तात तपासायला सांगितलं, कारण शाकाहारात ते कमी पडतं. माझं कमीच निघालं, आणि त्याची इंजेक्शनं घेतली.

आजार उसळलेला असताना मी कच्ची कोशिंबीर, सालीची कडधान्यं, मिरची, बिया असलेली फळं बाजूला ठेवते. शांत झाला की हळूहळू सगळं परत येतं. कायमचं पथ्य म्हणून आयुष्यभर पेज पीत राहिलात तर अंगात काही उरणार नाही. काय सोसतं आणि काय नाही, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. मी दोन वर्षं एका वहीत लिहून ठेवलं: तारीख, खाणं, किती वेळा जावं लागलं. त्या वहीने मला पुष्कळ शिकवलं. मला दूध सोसत नाही पण दही सोसतं. तूरडाळ जड जाते, मूग नाही. शेजारच्या रोडग्यांच्या पंगतीचा नुसता वाससुद्धा मोह घालतो, पण तिथे मी हात जोडून उठते.

आपल्या रीतीतल्या काही गोष्टी या दुखण्यात आपल्याच बाजूच्या आहेत. पाणी उकळून प्यायची सवय घ्या. औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, तेव्हा साधा जुलाबसुद्धा महागात पडतो. पावसाळ्यात गावच्या नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आमच्या घरातली उकळून परातीत निववलेली पाण्याची कळशी हा माझा मोठा आधार असतो. सूर्यास्ताआधी जेवल्याने रात्री पोटाला विसावा मिळतो, हा माझा स्वतःचा अनुभव. पण एक सांगते, पथ्य म्हणजे औषध नाही. "कंदमूळ सोडलं की आतड्याचे रोग होत नाहीत" असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे बोट दाखवा. मी जन्मापासून कंदमूळ खाल्लेलं नाही.

गोळ्या, कॅप्सूल आणि संध्याकाळचा सूर्य

माझं रोजचं औषध मेसालामिन. आजार उसळला की काही आठवडे स्टेरॉइड. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून ते हळूहळू उतरवत बंद करायचं असतं. "बरं वाटतंय" म्हणून एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. यावर आपल्या मर्जीने काही करू नका.

कॅप्सूलचा प्रश्न आपल्या घरांत येणारच. बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "यात गोळी मिळेल का?" त्यांनी मेसालामिन गोळीच्या रूपात दिलं. वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. विचारायला संकोच करू नका. मात्र कॅप्सूल फोडून आतली पावडर पाण्यात घालून पिऊ नका. या आजाराच्या पुष्कळ औषधांवर असं आवरण असतं की ते खाली आतड्यात जाऊनच सुटावं. फोडलं तर औषध वाटेतच वाया जातं. आणखी एक: डोकं दुखलं, कंबर दुखली की आपण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सहज घेतो. या आजारात त्या त्रास वाढवू शकतात. आधी विचारून घ्या.

आता चौविहार. मी डॉक्टरांना सांगितलं की सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी वेळा लिहून दिल्या: पहिली गोळी नवकारशीनंतर नाश्त्यासोबत, दुसरी दिवस मावळायच्या आत. स्टेरॉइड तर सकाळीच घ्यायचं असतं. दिवसभरात थोडं थोडं पाच वेळा खायचं. सूर्योदयापासून 48 मिनिटांनी दिवस उघडतो, तिथून मावळेपर्यंत पाच लहान जेवणं सहज बसतात. हिवाळ्यात आमच्याकडे पावणेसहालाच अंधारतं, तेव्हा तेवढी घाई होते.

पण पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्री मला दोन लिटर औषधाचं पाणी प्यायचं होतं. रात्री! मी रडकुंडीला आले. त्या वर्षी आमच्याकडे चातुर्मासाला महासतीजी होत्या. सासूबाई स्वतः मला घेऊन गेल्या. महासतीजींनी विचारलं, "पच्चक्खाण घेताना तुम्ही रोज काय म्हणता?" मी पाठ म्हणून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणता, पण ऐकता का? त्यात चार आगार आहेत."

त्यांनी एकेक समजावला. अनाभोग, म्हणजे विसरून तोंडात पडलं. सहसाकार, म्हणजे अचानक, नकळत काही तोंडात गेलं. महत्तराकार, म्हणजे मोठ्या कारणासाठी वडीलधाऱ्यांची आज्ञा झाली. आणि चौथा सव्वसमाहिवत्तियागार, म्हणजे रोगाच्या वेदनेने चित्ताची समाधीच मोडू लागली तर औषधोपचाराची मोकळीक. हे आगार आपण आपल्या सोयीने मागून जोडलेले नाहीत, ते पाठातच आहेत. व्रत सांगणाऱ्यांना माहीत होतं की व्रत घेणारं शरीर माणसाचं आहे. घराला दार असतं तसा व्रताला आगार असतो. दार आहे म्हणून भिंत खोटी ठरत नाही.

ती रात्र मी शांतपणे काढली. पुढच्या वेळी मात्र मी आधीच विचारलं आणि दुपारची तपासणी मागून घेतली. तेव्हा साफसफाईचं सगळं औषध त्याच दिवशी पहाटेपासून सकाळपर्यंत घेता आलं. आगार आहे म्हणून उगाच वापरायचा नाही आणि लागलाच तर रडत वापरायचा नाही. मला तरी त्याचा एवढा अर्थ कळला.

"मागच्या जन्मी कुणाच्या घासात अंतराय घातला असेल"

हे वाक्य मला एका पंगतीत ऐकायला मिळालं. म्हणणाऱ्या बाईंचं नाव सांगत नाही, त्यांनाही ते आता आठवत नसेल. मोठी माझ्याशेजारीच होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, तू कोणाचं जेवण हिसकावलं होतंस?" सात वर्षांच्या लेकीला काय उत्तर द्यायचं?

मी तिला रेवतीची गोष्ट सांगितली. भगवती सूत्राच्या पंधराव्या शतकात ती येते. श्रावस्तीला गोशालकाने भगवान महावीरांवर तेजोलेश्या सोडली. त्यानंतर भगवंतांच्या शरीरात दाह उठला, पित्तज्वर आला आणि रक्तातिसार सुरू झाला. रक्ताचे जुलाब. जो शब्द उच्चारायला आपल्याला लाज वाटते तो आगमात स्पष्ट लिहिलेला आहे. लोक म्हणू लागले की गोशालकाच्या बोलण्याप्रमाणे सहा महिन्यांत भगवंतांचं आयुष्य संपणार. सिंह अणगार नावाचे शिष्य जंगलात तप करत होते. त्यांच्या कानी हे गेलं आणि ते मोठ्याने रडू लागले. भगवंतांनी त्यांना बोलावून घेतलं, मी अजून सोळा वर्षं विचरणार आहे असा धीर दिला आणि सांगितलं, "मेंढियग्रामात रेवती गाथापत्नीच्या घरी जा. तिने माझ्यासाठी म्हणून केलेला कोहळ्याचा पाक आहे, तो नको. घरासाठी केलेला बिजोऱ्याचा पाक आहे, तो आण." रेवतीने तो भावाने वहोरवला. भगवंतांनी तो घेतला आणि रोग शमला. त्या दानाने रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधलं. महावीरांच्या शासनात नऊ जीवांनी ते बांधलं असं स्थानांग सूत्रात येतं. त्यात सुलसा आणि रेवती या दोघी श्राविका आहेत. (आपल्या दिगंबर बहिणींच्या परंपरेत केवलींना आहार आणि रोग मानत नाहीत, म्हणून तिथे ही कथा नाही. त्यांचा आदर ठेवूनच मी आमच्या परंपरेतलं सांगते आहे.)

ही कथा मी लहानपणापासून ऐकलेली होती. दानाचा महिमा म्हणूनच ती सांगतात. आजारी पडल्यावर मला तिच्यात आणखी तीन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी. केवलज्ञान झाल्यावर चार घाती कर्मं संपतात. वेदनीय कर्म अघाती आहे. ते निर्वाणापर्यंत सोबत असतं. म्हणजे ज्यांच्यात रागद्वेषाचा कणही उरलेला नव्हता त्यांच्याही शरीराला वेदना आली. मग रोग आला म्हणून आजच्या माणसाचं मन मलिन आहे, असा हिशेब कुणी कसा काढायचा? असाता वेदनीयाचा उदय आहे, एवढंच म्हणता येतं. तो कोणत्या जन्मीच्या कोणत्या घासाचा, हे सांगायला केवली लागतात. पंगतीत वाढणाऱ्या बायकांचं ते काम नाही.

दुसरी, भगवंतांनी उपाय नाकारला नाही. रोग कर्माने आला म्हणून औषध नको, असं ते म्हणाले नाहीत.

तिसरी, उपाय घेतानाही मर्यादा सोडली नाही. माझ्यासाठी केलेलं नको, जे घरात आहे ते आण. औषध आणि मर्यादा एकाच वाक्यात आहेत. मी त्या छापील कागदावरचं अंडं काढून मूग लिहिला, तेव्हा माझ्या मनात हेच होतं.

लेकीला अर्थातच एवढं सांगितलं नाही. तिला म्हटलं, "भगवंतांचंही पोट दुखलं होतं. मग एका आईने खाऊ दिला आणि ते बरे झाले." ती म्हणाली, "मग तुला मी देईन." त्या दिवसापासून संध्याकाळच्या गोळीची आठवण तीच करून देऊ लागली. "आई, सूर्य चालला!" अशी अंगणातून हाक यायची.

पोरं, घर आणि संडासचं दार

आजार उसळलेला असताना लहान मुलं सांभाळणं ही वेगळीच परीक्षा असते. धाकटा दाराला धरून रडायचा. मोठीचे पाढे मी आत बसून ऐकले आहेत. ती दाराबाहेर पाटावर बसून सतरा, अठरा, एकोणीस म्हणायची आणि चुकलं की मी आतून सांगायची. अंगात रक्त नसलं की जिना चढताना धाप लागते. तेव्हा मी घरातल्या कामांचे दोन भाग केले. जे माझ्याशिवाय होत नाही ते मी करायचं, बाकी ज्याला जमेल त्याने. पहिल्या यादीत शेवटी तीनच गोष्टी उरल्या: मुलांना जवळ घेऊन झोपवणं, त्यांचा अभ्यास आणि रोजची सामायिक. पोळ्या मी लाटल्या काय आणि जाऊबाईंनी लाटल्या काय, मुलांना फरक पडत नाही. हे समजायला बायकांना आजारी पडावं लागतं!

हे दुकानातून दुपारी घरी येऊन मऊ भात लावायला शिकले. आणि सासूबाई. त्यांनी मासखमण केलेलं आहे. तपस्येत त्यांच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नाही. मला वाटायचं, माझ्या दिवसभर खाण्याकडे त्या कशा पाहत असतील? एकदा पर्युषणात त्यांचा उपवास होता आणि दुपारी तीनला त्या माझ्यासाठी मुगाची खिचडी ढवळत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही उपाशी आणि मी तुमच्या हातचं खाते, कसंतरी वाटतं." त्या म्हणाल्या, "बाळा, माझा उपवास एक तप. आजाऱ्याला वाढणं दुसरं. तू खाल्लं नाहीस तर माझं एक तप बुडेल."

सहा बाहेरचे, सहा आतले

आपण तप म्हटलं की उपवासच मोजतो. पाटावर नाव उपवासाचं लागतं, सत्कार उपवासाचा होतो. पण तप बारा प्रकारचं सांगितलं आहे. उत्तराध्ययन सूत्राचं तिसावं अध्ययन याच विषयावर आहे. बाहेरचे सहा: अनशन, ऊनोदरी, भिक्षाचर्या म्हणजेच वृत्तिसंक्षेप, रसपरित्याग, कायक्लेश, प्रतिसंलीनता. आतले सहा: प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्य, स्वाध्याय, ध्यान, व्युत्सर्ग. बारापैकी अनशन एक. माझ्या आजाराने मला एका दारातून अडवलं, अकरा उघडीच आहेत.

मग मी दर पर्युषणात माझी आठ दिवसांची यादी करते. रसपरित्याग: मिठाई आणि तळलेलं आठ दिवस बंद, डॉक्टरही खूश. वृत्तिसंक्षेप: दिवसाला ठरावीकच पदार्थ. स्वाध्याय: रोज तासभर वाचन. वैयावृत्य: ज्यांची अठाई आहे त्यांच्या घरी जाऊन पाणी उकळून देणं, मुलांचे डबे करून देणं. आणि व्युत्सर्ग, म्हणजे देहावरची माझेपणाची पकड सैल करणं. इथे मात्र या दुखण्यासारखा गुरू नाही. बावीस परीषहांत रोग हा एक परीषह आहे. तो साधूंसाठी सांगितला असला तरी श्राविकेच्या घरी तो न बोलावता येतो.

ज्यांना हा आजार आहे त्यांनी तेला-अठाईचा हट्ट धरू नये, असं मी स्पष्ट सांगते. निर्जल उपवासात अंगातलं पाणी आटतं, गोळ्या चुकतात, आणि उसळी आली तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं. काहींचा आजार शांत असताना डॉक्टर एखादं बियासणं-एकासणं करू देतात. ते त्यांना विचारून आणि महाराजसाहेबांना सगळी प्रकृती सांगून मगच करा. "श्रद्धा असली की काही होत नाही" असं म्हणणाऱ्या जवळच्या बाईला विचारून नको.

वर्ध्याच्या दिशेची गाडी

आमच्या चांदूरच्या नावातच रेल्वे आहे, आणि मला ती देवासारखी पावली आहे. एसटीत संडास नसतो. या आजारात तो एकच प्रश्न प्रवास ठरवतो. नागपूरला तपासणीला जायचं तर मी गाडीनेच जाते, डब्याच्या टोकाची जागा धरून. धामणगाव, पुलगाव, वर्धा, सेवाग्राम, नागपूर. सोबत एक पिशवी: जादा कपडे, साबण, उकळलेलं पाणी, मीठ-साखरेची पुडी. (एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.)

या वाटेवर पोटाने पिडलेली दोन मोठी माणसं राहून गेली. सेवाग्रामला 1936 पासून गांधीजी राहिले. त्याआधी 1918 मध्ये खेड्याच्या सत्याग्रहानंतर त्यांना आमांशाने मरणाच्या दारी नेलं होतं. दूध न घेण्याचं त्यांचं व्रत होतं, डॉक्टर म्हणत दुधाशिवाय ताकद येणार नाही. कस्तुरबांनी वाट काढली की व्रत घेताना मनात गाई-म्हशीचं दूध होतं, शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं आणि जगले. आपण व्रताचा अक्षर पाळला, भाव नाही, ही बोच मात्र त्यांना राहिली, आणि ती त्यांनी आत्मकथेत लपवली नाही. आगार असलेलं व्रत किती शहाणपणाचं असतं ते मला इथे कळतं.

दुसरे पवनारचे विनोबा. पोटातल्या अल्सरचा त्रास असताना, थोड्याशा दह्यावर, त्यांनी 1951 पासून भूदानासाठी देश पायी पालथा घातला. आपल्या चारही संप्रदायांनी मान्य केलेलं 'समणसुत्तं' त्यांच्याच आग्रहाने जिनेन्द्र वर्णींनी संकलित केलं, भगवंतांच्या 2500 व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने, 1974 मध्ये. दुखरं पोट घेऊनही माणूस केवढं काम करतो! गाडी वर्धा सोडते तेव्हा मला दर वेळी हे आठवतं आणि हातातल्या फाइलचं ओझं थोडं हलकं होतं.

शेवटी थोडं कामाचं

माझा आजार आता बराच शांत आहे. मधल्या अकरा वर्षांत चार वेळा उसळला, एकदा भरती व्हावं लागलं. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर पुन्हा दुर्बिणीची तपासणी झाली, कारण जुन्या सुजेत कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने पाहत राहावं लागतं. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. बाळंतपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आजार शांत असताना दिवस गेले तर बहुतेकींचं सुखरूप होतं, आणि मेसालामिन सहसा चालू ठेवतात. दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःच औषधं सोडणं बाळालाही जड जातं.

आणि स्थानकाच्या कार्यकर्त्या बहिणींना एक विनंती. तपस्वींच्या यादीशेजारी यंदा वैयावृत्य करणाऱ्यांची यादी लावा. प्रवचनात दाराजवळच्या दोन-तीन जागा आजारी आणि वयस्क बायकांसाठी ठेवा, म्हणजे मधूनच उठून जायला लाज वाटणार नाही. स्थानकातल्या संडासला आतून कडी आणि बादलीत पाणी असेल एवढं पाहा. कितीतरी जणी एवढ्याच कारणाने घरी बसून राहतात, आणि आपण म्हणतो की तिला धर्माची गोडी नाही.

ज्या दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांना सांगते: आज रात्री घरी सांगा. नवऱ्याला सांगा, सासूला सांगा, नाहीतर आईला फोन करा. "रक्त जातंय, मला दाखवायचंय," एवढं बोला. पर्युषण झाल्यावर नाही, या आठवड्यात. सोबत कुणी नसेल तर मला सांगा, मी गाडीत तुमच्या शेजारी बसेन. कोणत्या डब्यात बसायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

लिहिण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही आलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेन्द्र.